रडू पायपुसण्यावर

त्यांना सगळे मुलाखतीच्या बाई म्हणत. खरं तर त्यांनी आयुष्यात कुणाची मुलाखत घेतली नव्हती, आणि त्यांची मुलाखत घ्यायला कुणी येईल असाही संभव नव्हता. तीन-चार वर्षांच्या पोरांना त्या मोठ्या शाळांच्या प्रवेशासाठी तयार करत. ज्या वयात नाक पुसायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागतो, त्या वयात माणसाची मुलाखत कसली घ्यायची, असं कुणीही शहाणा विचारील. पण शाळेत जागा मूठभर आणि दारात उभे ढीगभर, तिथे शहाण्याला विचारतो कोण.

आधी बरीच वर्षं बाई एका लहानशा बालवाडीत शिकवत होत्या. मालकाने इमारत विकली, बालवाडी बंद पडली आणि खडू, फळा, बुटक्या खुर्च्या सगळं एका टेम्पोत घालून कुठेतरी गेलं. यजमान त्याआधीच गेलेले, मुलगा अजून शिकत होता. बाई घरात बसून विचार करत होत्या की आता आपल्याला येतं तरी काय. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची एक आई रडत वर आली. तिचा मुलगा शाळेच्या मुलाखतीत टेबलाखाली जाऊन बसला होता आणि शेवटपर्यंत बाहेर आला नव्हता. बाई तिला म्हणाल्या, "आणून सोड त्याला माझ्याकडे. टेबलाखालच्यांशी माझं जमतं."

त्या पोरासाठी त्यांनी यजमानांचा जुना चष्मा डोळ्यांवर चढवला, जेवणाच्या टेबलापलीकडे बसल्या आणि आवाज बदलून मॅडम झाल्या. पोराला हा खेळ आवडला. पुढच्या शाळेत त्याने खऱ्या मॅडमचं सगळं ऐकून घेतलं आणि जाता जाता "तुम्ही कशा आहात?" असंही विचारलं. ते बाईंनी शिकवलेलं. मॅडम विरघळल्या आणि पोरगा आत गेला. झालं, बाईंचं नाव झालं.

मग काय, जिन्यावर रांग लागायला लागली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण आईबापांपुढे तो नवराही बरा. एक पोटुशी तर सातव्या महिन्यात जिना चढून आली, धापा टाकत म्हणाली, जागा आत्ताच धरून ठेवायची आहे. बाईंनी तिला आधी पाणी दिलं. "अगं, त्याला आधी येऊ तर दे," त्या म्हणाल्या. "इथे यायच्या आधी त्याला जगात यायचंय." ती हसली नाही. परवा परवापर्यंत बाई ही गोष्ट सांगून सगळ्यांना हसवत.

त्यांच्या शिकवण्यात चीड नव्हती, आवाज चढवणं नव्हतं, हात उगारणं तर नव्हतंच. बैठकीच्या खोलीत एक बुटकं टेबल, रंगांचे पत्ते, लाकडी ठोकळ्यांची पेटी, ओवायला मोठाले मणी. जमिनीवर खडूने ओढलेली एक रेघ, तिच्यावरून तोल सांभाळत चालायचं. बटण लावायला एक जुना कोट. मॅडमनी गोळ्यांची बशी पुढे केली की एकच घ्यायची आणि दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही. आवडता रंग कोणता, याचं उत्तर बाई प्रत्येकाला वेगळं वाटून देत, म्हणजे शाळेला संशय यायला नको. त्यामुळे गावात जांभळा रंग आवडणारी काही पोरं अशी होती, ज्यांना जांभळा म्हणजे कोणता हे नीट ठाऊक नव्हतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम दारातच होता. चपला दाराबाहेर आणि रडू पायपुसण्यावर. पोरगं भोकाड पसरत आलं की बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसत. "हे बघ, रडू इथे पुसून ठेवायचं. असं. दोन्ही पायांनी. आत आणायचं नाही. जाताना घेऊन जा हवं तर, मी कुणाला देणार नाही." पोरं खरंच पाय घासत. घासता घासता हुंदके थांबत, कारण एवढ्याशा जिवाला एका वेळी एकच काम जमतं. आईबाप तोंडात बोट घालत. जाताना रडू परत न्यायचं पोरं विसरून जात, आणि बाई गमतीने म्हणत, माझ्या पायपुसण्यावर अर्ध्या गावाचं रडू पडलंय.

बाई लबाड नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. पोरांचं भलं व्हावं असंच त्यांना मनापासून वाटे. दार बंद असेल तर किल्ली करून देणारा माणूस वाईट कसा, असं त्यांचं म्हणणं. दार बंद का आहे हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीतला नव्हता, आणि खोटं कशाला बोला, तो आपल्यापैकी कुणाच्याच अखत्यारीत नसतो.

पुढे मुलाचं लग्न झालं, सून आली, आणि मग नात आली. नात कसली, भोंगा. हे नाव बापानेच ठेवलं, कारण ती रडली की तळमजल्यावरची माणसं घड्याळ बघत. आणि नुसतं रडणं नाही, बोलणंही तसंच. मुंगी झोपते कुठे, जिना वर जातो की खाली येतो, तुझे दात रात्री कपात का राहतात. मुलगा आणि सून दोघं सकाळी कामावर जात, ते संध्याकाळी उगवत. मधला सगळा वेळ भोंगा आजीच्या खोलीत. शिकायला आलेल्या पोरांच्या मागे खुर्चीवर उभी राहून ती सगळं बघे. दीड वर्षाची असल्यापासून तिने इतक्या मुलाखती पाहिल्या होत्या की एखादीच शाळा तिच्या बरोबरीची निघाली असती.

ती चार वर्षांची झाली तेव्हा घरात एकच विषय सुरू झाला. टेकडीवरची शाळा. ती शाळा बाईंच्या पोरांनी पुष्कळदा जिंकली होती. सून एरवी मोजकं बोलणारी. एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, बाहेरच्यांची एवढी पोरं तुम्ही आत पाठवलीत. हिचं नाही झालं तर मला ऑफिसात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

"तुला ऑफिसात, तर मला जिन्यात," बाई म्हणाल्या. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणायला टपलेलेच असतात. त्या दिवसापासून बाईंनी नातीला खुर्चीवरून खाली उतरवलं आणि टेबलासमोर बसवलं.

सुरुवातीला भोंग्याने नाकी नऊ आणले. आवडता रंग कोणता? "राखाडी." का? "कबुतर राखाडी असतं. आणि पाऊस यायच्या आधी वर असतं ते." बाईंनी चष्मा खाली घेतला. "राखाडी कुणाला आवडत नाही गं. पिवळा म्हण." "पण मला आवडतो." "मॅडमना पिवळा आवडतो." भोंग्याने जरा विचार केला. "मग त्यांनी त्यांचा सांगावा, मी माझा सांगते." बाहेरच्या कुणाचं पोर असतं तर बाई पोट धरून हसल्या असत्या. इथे त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि रंगांचे पत्ते पहिल्यापासून मांडले.

तर मग त्यांनी डोळ्यांत तेल घालून शिकवलं. सकाळी दूध पिताना रंग, अंघोळ करताना आकडे, जिना उतरताना "तुझे बाबा काय करतात". मणी उजव्या हाताने ओवायचे, डाव्या हातात दोरा स्थिर धरायचा. कुणी "कशी आहेस?" विचारलं की हसून "मी छान आहे" म्हणायचं, कसंही असलं तरी. पडलं, लागलं, तहान लागली, मॅडमचा चेहरा आवडला नाही, तरी तेच. भोंग्याने सुरुवातीला रडून घर डोक्यावर घेतलं. बाई तिला दारापर्यंत नेत, पायपुसण्यावर उभी करत आणि शांतपणे वाट बघत. हळूहळू तिला दारापर्यंत न्यावं लागेनासं झालं. मग तिथे उभं करावं लागेनासं झालं. तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्याने जिन्यात विचारलंसुद्धा, "नात गावाला गेली का? आवाज नाही हल्ली." बाईंना वाटलं, हे कौतुक आहे. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मुंगी कुठे झोपते हा प्रश्नही कधी बंद झाला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून गाडी काढायला पुढे गेले. भोंग्याला लांब बाह्यांचा निळा झगा आणि पांढरे मोजे घातले होते. बाई मागून पिशवी घेऊन येत होत्या. जिन्याच्या शेवटच्या वळणावर नुकतीच फरशी पुसली होती. नवे बूट घसरले आणि भोंगा चार-पाच पायऱ्या खाली गेली, दोन्ही हात पुढे करून.

बाई धावल्या. आधी त्यांनी झगा बघितला. फाटला नव्हता. मग मोजे बघितले. डाग नव्हता. मग तोंड बघितलं. खालचा ओठ थरथरत होता आणि डोळे भरत आले होते.

"लागलं का गं? नाही ना? आज रडायचं नाही हं राणी, डोळे लाल दिसतात."

ओठ थरथरायचा थांबला. बाईंच्या देखत थांबला, नळ घट्ट केल्यासारखा. भोंग्याने हसून वर बघितलं. "मी छान आहे," ती म्हणाली.

बाईंना त्या क्षणी नातीचा जो अभिमान वाटला, तसा त्यांना कुणाचाच कधी वाटला नव्हता. स्वतःच्या मुलाचासुद्धा नाही. त्यांनी तिच्या गालाचा मुका घेतला, झगा झटकला आणि तिला गाडीत बसवलं.

टेकडीवरच्या शाळेच्या दारात मोठं पायपुसणं होतं. भोंगा त्यावर थांबली आणि पाय घासत राहिली. बराच वेळ घासत राहिली. मागची माणसं खोळंबली. सून हळूच म्हणाली, "चल ना बाळा," पण बाईंनी तिला अडवलं. "करू दे. तिला माहितीये काय करतेय ते."

आत फक्त आईबाप आणि मूल. बाई बाहेर व्हरांड्यात लोखंडी खुर्चीवर बसल्या. आजूबाजूला आणखी बरीच पोरं होती. त्यांतली तीन बाईंचीच. ती बाईंकडे बघून हसली नाहीत, कारण तेही त्यांना शिकवलेलं होतं, बाहेर ओळख दाखवायची नाही. चौथं कुणाचं तरी पोर जमिनीवर लोळण घेऊन ओरडत होतं आणि त्याचा बाप घामाघूम होऊन त्याला उचलत होता. बाईंना त्या बापाची कीव आली. हे काम आधीच कुणाकडे सोपवलं असतं तर, असं त्यांना वाटलं.

दार उघडलं. मुलगा हसत होता, सुनेचा जीव अजून टांगणीला होता.

"सगळं बोलली," ती म्हणाली. "पिवळा म्हणाली. मॅडमना कशा आहात विचारलं. पण आई, मणी मात्र डाव्या हाताने ओवले हो. किती वेळ लागला. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं."

बाई नातीसमोर वाकल्या. "डाव्या हाताने का गं? आपण उजव्याने शिकलो होतो ना?"

"हो," भोंगा म्हणाली. "चुकलं, आजी."

"असू दे. पुन्हा नाही चुकायचं," बाई म्हणाल्या, आणि परतीच्या वाटेवर सगळा वेळ मनात त्याच एका गोष्टीचा हिशेब करत राहिल्या. मॅडमनी काय लिहिलं असेल? डाव्या हाताचे गुण कापतात का? घरी जेवताना भोंग्याने चमचा डाव्या हातात धरला तेव्हा बाईंना वाटलं, आता ही खोड लागणार. त्यांनी चमचा काढून उजव्या हातात दिला. भोंग्याने तो खाली ठेवला आणि पोट भरलं म्हणाली. दुपारी तिने झगा बदलू दिला नाही, ती झोपली नाही, खेळलीही नाही. खिडकीत बसून राहिली. बिचारी दमली असेल, असं म्हणून बाईंनी पडदा ओढला.

दिवेलागणीला सुनेच्या फोनवर निरोप आला. तिने तो दोनदा वाचला, मग नवऱ्याला वाचायला दिला, मग सासूच्या गळ्यात पडली. लग्न होऊन आल्यापासून ती कधी सासूच्या गळ्यात पडली नव्हती. मुलाला तर आकाश ठेंगणं झालं. त्याने भोंग्याचे दोन्ही हात धरले आणि तिला गोल फिरवली.

भोंगा ओरडली नाही. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला. खाली टेकल्यावर ती हसली. ते हसू बाईंनी नीट ओळखलं, कारण ते त्यांनीच बसवलेलं होतं. कुणाच्याही घरच्या पोराचं नव्हतं ते, मुलाखतीतलं होतं.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "झगा काढू या."

डावी बाही सहज निघाली. उजवी मनगटाशी अडली. बाईंनी ती हळूहळू वर केली. मनगट सुजून टम्म झालं होतं, निळसर पडलं होतं, आणि बाहीच्या शिवणीची रेघ कातडीत उमटली होती.

सून धावत जवळ आली.

"कधीपासून दुखतंय गं हे?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"पडले तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?" सून म्हणाली.

भोंग्याने आईकडे असं बघितलं जसं काही तिनेच सोपा प्रश्न चुकवला होता. "मुलाखत होती ना."

"अगं, पण मुलाखत तर सकाळीच झाली," बाप म्हणाला.

"संपली असं कुणी सांगितलंच नाही," भोंगा म्हणाली.

हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना जवळच होता. बाई म्हणाल्या, मी येणार, आणि कुणी त्यांना नको म्हणालं नाही. गाडीत त्यांनी नातीला मांडीवर घेतलं होतं. तिचा हात त्यांनी आपल्या दोन्ही तळव्यांवर धरला होता, आणि रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला त्याच कळवळत होत्या.

डॉक्टर मध्यमवयीन, जाडजूड आणि घाईत असलेले होते. टेबलापलीकडे बसले होते, डोळ्यांवर चष्मा होता. त्यांनी पोरीला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि हसून विचारलं, "काय मग, कशी आहेस?"

बाईंना कळायच्या आत उत्तर आलं. "मी छान आहे. तुम्ही कसे आहात?"

डॉक्टर खूश झाले. "वा. फार हुशार आहे हो." सून खाली बघू लागली. डॉक्टरांनी हात हलकेच उचलला, अंगठा मनगटावर ठेवला आणि जरा दाबला. "इथे दुखतं का?"

भोंग्याने मान वळवून आजीकडे बघितलं. बाईंनी ते बघणं हजार वेळा बघितलं होतं. बुटक्या टेबलाशी बसलेलं पोर अडलं की असंच बघायचं, आणि बाई ओठ हलवून पहिलं अक्षर द्यायच्या.

"आजी," भोंग्याने हळू आवाजात विचारलं, "याचं उत्तर काय आहे?"

डॉक्टरांनी अंगठा काढला. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाईंकडे आजवर प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. त्यावर त्यांचं घर चाललं होतं. त्या उठल्या आणि नातीच्या खुर्चीसमोर जमिनीवरच बसल्या, म्हणजे तिचं तोंड वर आणि आपलं खाली होईल.

"मला नाही माहीत गं," त्या म्हणाल्या. "तुझा हात आहे. तुला जे होतंय तेच उत्तर."

"कुठलंही चालेल?"

"कुठलंही."

भोंगा विचार करू लागली. कपाळाला आठ्या घालून, आपल्या हाताकडे बघत, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं. सगळे थांबले होते. बाहेर कुणीतरी नंबर पुकारला, तरी डॉक्टर उठले नाहीत.

"दुखतंय," ती शेवटी म्हणाली. मग जरा थांबून, "खूप." आणि लगेच आजीच्या चेहऱ्यावर तिने शोधलं. "बरोबर?"

बाईंना बरोबर म्हणता येईना. तो शब्द त्यांनी आयुष्यभर पोरांना वाटला होता. त्यांनी नातीच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि त्या रडायला लागल्या. हळू नाही, नीटनेटकं नाही. दवाखान्यात, मुलासमोर, सुनेसमोर, परक्या माणसासमोर, नाक गळेपर्यंत रडल्या.

भोंगा घाबरली. तिने दरवाजाकडे बघितलं, डॉक्टरांच्या चष्म्याकडे बघितलं, मग चांगला हात आजीच्या डोक्यावर ठेवला आणि तिच्या कानाशी वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "आजी, रडू नको ना. ते बघतायत. तुला घेणार नाहीत."